कडूचा कैवार

संपादकांचे पत्र श्रावणात आले. "दिवाळी अंकासाठी काहीतरी गोडसे लिहून पाठवा. अंक घरातली लहानथोर सगळी माणसे वाचतात, तेव्हा कटू विषय शक्यतो नको," असा त्यात प्रेमळ आग्रह होता. पत्र वाचून मला हसू आले आणि रागही आला. हसू अशासाठी, की ज्या सणासाठी हा अंक निघतो त्या सणाची पहिली पहाट आमच्या वेंगुर्ल्याकडे गोडाने उजाडतच नाही. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, 'गोविंदा, गोविंदा' म्हणून त्याची बी जिभेला लावायची, सातविणीची साल ठेचून काढलेला रस डोळे मिटून घोटभर प्यायचा, आणि मगच पोह्यांच्या पानावर बसायचे. गूळपोहे, दह्यातले पोहे, दडपे पोहे, किती म्हणून प्रकार! पण आधी कडू. कटू विषय वगळून दिवाळी अंक काढायचा म्हणजे कारीट न फोडताच पाटावर बसण्यापैकी आहे. हसण्याचे कारण हे. रागाचे कारण सांगायचे तर तुम्हाला माझ्याबरोबर जरा लांब, हाँगकाँगपर्यंत यावे लागेल.

२०२३ साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. सामानात डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळे आठवणीने भरले होते. राहिला तो निर्गुडीचा पाला. बाळंतिणीच्या न्हाणाच्या पाण्यात निर्गुडी नाही ही कल्पनाच मला सोसवेना. जावई म्हणाले, "आई, इथं कुठून मिळणार निर्गुडी? गरम पाणी आहे, चोवीस तास आहे." मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन कौलूनच्या गल्ल्यांतून हिंडू लागले. चौथ्या की पाचव्या गल्लीत एका दुकानाच्या दाराशी वाळलेल्या पाल्याच्या जुड्या टांगलेल्या दिसल्या. एका देठाला पाच पाने, हाताच्या पाच बोटांसारखी. एक पान चुरगळून नाकाशी धरले आणि थेट माहेरच्या परसातल्या कुंपणाशी जाऊन पोचले. निर्गुडीच ती! दुकानातली म्हातारी हसली. मी अंगावर पाणी घेण्याची खूण केली. तिने मान हलवून पेला तोंडाला लावण्याची खूण केली. तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली तिची नात आतून आली आणि तिच्या इंग्रजीने आमच्या खाणाखुणा सुटल्या. म्हातारीला सगळे 'पो पो' म्हणत, म्हणजे आजी. मीही म्हणू लागले. तीही मला 'पो पो'च म्हणे. वयात आमच्या दोन-तीन वर्षांचे अंतर असेल-नसेल. पण दोन महिने आम्ही दोघी एकमेकींना आजी म्हणत होतो.

ती निर्गुडी ज्या पेयात पडते त्याचे नाव 'लेऊंग छा'. लेऊंग म्हणजे थंड, छा म्हणजे चहा. आपल्या 'चहा'चे आणि ह्या 'छा'चे मूळ एकच; पण ह्या चहात चहाचे पान औषधालासुद्धा नसते. आणि नाव थंड असले तरी पुष्कळ लोक तो ऊन ऊनच पितात. थंडपणा आहे तो गुणाचा. आपल्याकडे पपई उष्ण, कोकम थंड असे जे शास्त्र प्रत्येक आजीच्या जिभेवर असते, तेच तिकडे कँटनी आजीच्या जिभेवर आहे. तळलेले खाल्ले, जागरण झाले, तोंड आले, की अंगात 'यीत हेई' म्हणजे उष्णतेची वाफ चढली असे ती म्हणते, आणि पोराला चहाच्या दुकानात धाडते. दक्षिण चीनमधला ग्वांगतुंग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव, हा ह्या पेयाचा मुलूख. हवा आपल्या कोकणासारखीच दमट, चिकट आणि घामट. लेऊंग छाचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत कडू आणि सर्वांत नावाजलेला तो 'या सेइ मेइ', म्हणजे चोवीस चवींचा. चोवीस हा आकडा आपल्या छप्पन्न भोगांसारखा समजावा. कोणी दहा-बारा वनस्पती घालतो, कोणी अठ्ठावीस. प्रत्येक दुकानाचे मोजमाप वेगळे, आणि ते परक्याला सांगायचे नाही हा नियम मात्र सगळीकडे सारखा. मुळ्या, साली, डहाळ्या, पाने. मला ओळखता आली ती एकटी निर्गुडी. बाकीच्यांपुढे मी निरक्षर होते.

करण्याची रीत मात्र मी नीट पाहून घेतली, कारण स्वयंपाकघरात मी कोणाच्याही भाषेत निरक्षर नाही. पाला आणि मुळ्या आधी दोन-तीन पाण्यांत धुवायच्या, मग भिजत घालायच्या. कठीण मुळ्या आणि साली आधी चढवायच्या. कोवळा पाला मागाहून. घरी करायचा तर मातीचे भांडे. लोखंडाला काढा शिवू द्यायचा नाही. हा सोवळेपणा आपल्या वैद्यांच्या ओळखीचा आहे. पाणी आटून चौथा हिस्सा उरेपर्यंत उकळणे हेही आपल्या काढ्यासारखेच. दुकानातला हंडा पहाटे चढतो आणि तासन्‌तास रटरटतो. गल्लीच्या तोंडापाशीच वास येऊ लागतो. ओल्या लाकडाचा, पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा, आणि त्याखाली काहीतरी जळकट, रागीट असा. मग गाळून ते काळेशार पाणी पितळेच्या मोठ्या, भोपळ्याच्या आकाराच्या तोटीच्या भांड्यात भरतात. ही चकचकीत पितळी भोपळ्यांची जोडी म्हणजे जुन्या दुकानाची खूण. पुढे फळीवर वाडगे भरून ठेवलेले, प्रत्येकावर काचेचे झाकण. गिऱ्हाईक येते, नाणी ठेवते, उभ्याउभ्या वाडगा उचलते, रिकामा करते आणि चालू लागते. कोणी बसत नाही, कोणी गप्पा मारत नाही, आणि साखरेचे भांडे कुठेही दिसत नाही.

पहिला वाडगा मी फुशारकीत उचलला. किराईत प्यालेल्या कोकणी बाईला कडूचे काय भय? आमच्याकडे ताप आला, जंत झाले, नुसते पोर किरकिरले, तरी किराईताचा काढा ठरलेला. तेव्हा कडूच्या परीक्षेत मी पास होऊनच आलेली. पण किराईत सरळ अंगावर येते. हे मागच्या दाराने आले. जिभेच्या टोकाला काहीच नाही. मग जिभेच्या मुळाशी, मग घशात, मग कानांच्या मागे, आणि मग जेथे चव असते हे मला ठाऊकच नव्हते अशा कुठल्याशा जागी. मी वाडगा अर्ध्यावर ठेवला. म्हातारीने तो पुन्हा माझ्याकडे सरकवला. नातीने भाषांतर केले, "आजी म्हणते, अर्धा प्यायला तर फक्त कडूच लागतो." मी संपवला. तेव्हा म्हातारीने बरणीतून लालसर रंगाच्या, नाण्याएवढ्या पातळ चकत्या काढून हातावर ठेवल्या. एका आंबट रानफळाचा गर साखर घालून वाळवलेल्या त्या चकत्या. आपल्या आंबापोळीच्या लांबच्या चुलतबहिणी म्हणा. तिकडची पोरे कडू काढा पितात ती पुढच्या ह्या चकतीच्या आशेने. पण चकती तोंडात घालण्याआधी म्हातारीने मला साध्या पाण्याचा घोट घ्यायला लावला. ते पाणी गोड होते! आवळा खाऊन पाणी प्यालेल्या कोणालाही हे सांगायला नको. गोड बाहेरून आलेले नव्हते. कडूने जाताना मागे ठेवलेले होते. चिनी लोकांत ह्या परतून येणाऱ्या गोडीला वेगळे नावच आहे, आणि चहाची पारख करताना ते तिची वाट पाहतात. 'कू तिंग' नावाच्या दुसऱ्या एका कडू पानाचा चहाही मी पुढे चाखला. त्याची पीळ घातलेली काडी असते; एक काडी पेलाभर उन्हाळ पाण्याला पुरते. तोही ह्या परतणाऱ्या गोडीसाठीच पितात.

आता मुख्य भांडणाकडे येते. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला, आणि तेही रविवारी आले होते. तिथल्या आपल्या मराठी मंडळींनी सकाळी एकत्र फराळ ठेवला होता. कारीट हाँगकाँगला कुठून आणायचे? सातवीण कुठे शोधायची? मी सुचवले, की कडूचा मान ह्या वर्षी या सेइ मेइला देऊ. माझी सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. (टाळ्या ऐकल्या तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.) पहाटे जाऊन मी दोन मोठे थर्मास भरून आणले. हॉलमध्ये रांगोळी, कंदील, चकलीचा वास, सगळे कसे साजरे होते. छोटे पेले मांडले, आणि पहिला पेला मीच तोंडाला लावला. गोड! नुसता गोड नव्हे. पाकात बुडवलेल्या जळक्या लाकडासारखा काहीतरी भयंकर पदार्थ. मी हळदीकुंकवाच्या तबकाकडे वळले होते तेवढ्या दहा मिनिटांत कोणा प्रेमळ हाताने दोन्ही थर्मासांत मध आणि साखर ओतली होती. "अहो काकू, मुलं प्यायला हवीत ना!" असा खुलासा झाला. मुलांनी एकेक घोट घेतला आणि पेले खिडकीत ठेवले. मोठ्या माणसांनी "छान आहे हं, वेगळाच आहे," असे म्हणून आपापले पेले हळूच त्याच खिडकीत ठेवले. एका आठ वर्षांच्या मुलाने मात्र मला विचारले, "आजी, खरा कडू कुठाय? ह्यानं मी माझ्या मित्राला फसवणार होतो." त्या हॉलमध्ये नरकचतुर्दशी समजली होती ती त्या एका मुलाला.

मी रागावले आणि बोललेही. तेव्हा मला जी उत्तरे मिळाली त्यांचा समाचार येथे घेणार आहे, कारण ती एका गावची नाहीत.

पहिले उत्तर असे : "औषध पोटात गेल्याशी कारण, चवीचे काय घेऊन बसलात?" ह्यावर माझे म्हणणे असे की, हे औषध आहे असे तुम्हाला सांगितले कोणी? मी तर सांगितले नव्हते. लेऊंग छाचे वेडे भक्त आणि त्याचे शत्रू ह्या एका बाबतीत सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही त्याची चव नको आहे. भक्त म्हणतो, जितके कडू तितके गुणकारी. शत्रू म्हणतो, गुण राहू दे, कडू काढून टाक. २००३ च्या फेब्रुवारीत श्वासाची ती भयंकर साथ ग्वांगचौमध्ये पसरली तेव्हा लोकांनी जडीबुटीची पाकिटे आणि शिरका ह्यांसाठी दुकानांवर झुंबड उडवली. साथ त्याने थांबली नाही. २०२० साली आपल्याकडे घरोघर काढे उकळले. त्यानेही थांबली नाही. दाराशी असे पुरावे पडलेले असताना मी ह्या वाडग्याला धन्वंतरी म्हणणार नाही. उलट माझ्या म्हातारीचा नियम सांगते : गरोदर बाईला, बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला ती लेऊंग छा देतच नसे. माझ्या मुलीसाठी मी एकदा वाडगा मागितला तर तिने हात जोडून नाही म्हटले आणि त्याऐवजी आले आणि गोड शिरका घालून शिजवायच्या बाळंतिणीच्या पदार्थाची कृती ऐकवली. त्यात डुकराचे पाय असतात हे कळल्यावर मी हात जोडले! सांगायचा मुद्दा, ज्याला औषध हवे त्याने वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावे. मी ज्याची बाजू घेते आहे ती एक चव आहे, आणि चवीतून चवच काढून टाकल्यावर उरते ते काय?

दुसरे उत्तर अधिक आधुनिक आहे. "काकू, चिनी लोक स्वतःच तो गोड करून पितात. तो लाल डबा नाही का पाहिलात?" पाहिला. त्याची हकिकत ऐकण्याजोगी आहे. ग्वांगचौ, म्हणजे जुन्या नकाशातले कँटन, तेथे १८२८ साली वाँग चाक बाँग नावाच्या गृहस्थाने काढ्याचे दुकान घातले. 'वाँग लो कात' हे प्रसिद्ध नाव त्याच्यापासून चालत आले. अफूच्या पेट्या नष्ट करणारा कडक अधिकारी लिन झेशू ह्यालाही ह्याच काढ्याने बरे वाटले अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकाच ती. पण १८३९ साली त्याने नष्ट केली ती अफू मात्र खरी, आणि तिच्यातली कितीतरी आमच्या माळव्यात पिकून मुंबई बंदरातून गेलेली, हे आपण मुंबईकरांनी विसरू नये. असो. पुढे १९९० नंतरच्या दशकात ते जुने नाव लाल डब्यावर चढले आणि अंगातली उष्णता घालवण्याचे पेय म्हणून सगळ्या चीनभर गेले. डब्यावरची घटकांची यादी वाचा. आधी पाणी, त्याच्या खालोखाल साखर, आणि मग चाफ्याची फुले, शेवंती, ज्येष्ठमध वगैरे मंडळी दारात उभी. पुढे ह्या नावावरून आणि डब्यावरून दोन मोठ्या कंपन्यांचे भांडण जुंपले. नाव कोणाचे ह्याचा निवाडा २०१२ साली झाला. लाल डबा कोणाचा हे ठरायला २०१७ साल उजाडले, आणि चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लाल डबा दोघांनीही वापरावा. नाव कोणाचे, लाल रंग कोणाचा, डब्यावरची पिवळी अक्षरे कोणाची, ह्यांवर इतकी वर्षे आणि इतका पैसा गेला. कडू कोणाचा म्हणून एकानेही दावा लावला नाही! २००६ साली ग्वांगतुंग, हाँगकाँग आणि मकाव ह्यांनी मिळून लेऊंग छाचे नाव चीनच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या यादीत घातले. त्या यादीतला तो पितळी भोपळ्यातला की लाल डब्यातला, हे यादीच्या मालकांनी ठरवावे. लोकांना सरबत आवडते तर त्यांनी सरबत खुशाल प्यावे. मला त्याचा हेवा नाही. त्याला सरबत म्हणावे एवढेच माझे मागणे आहे.

आता खरे बोलायचे तर माझ्याही बाजूला दोन भोके आहेत, आणि ती दुसऱ्याने दाखवण्यापूर्वी मीच दाखवते. माझ्या म्हातारीच्याच दुकानात दुसऱ्या भांड्यात पंचपुष्पी चहा असे, आणि तो गोडच असे. त्यात चाफा पडतो आणि आपल्या काटेसावरीची फुलेही. सावर हे ग्वांगचौ शहराचे मानाचे फूल आहे. वसंतात झाडाखाली पडलेली तांबडी फुले म्हातारीकोतारी माणसे वेचून वाळवताना दिसतात. पण तो चहा मुळातच फुलांचा आणि मवाळ आहे. त्याला साखर शोभते. कासवाच्या पोटाकडच्या कवचापासून करतात ती काळी कडू खांडवीसारखी जेली. (मी पाहिली, खाल्ली नाही. वैष्णवाला कूर्म एवढा स्वस्त वाटत नाही.) तिच्यावर पाक घालतात, पण ज्याने त्याने, आपल्या हाताने, आपल्या बशीत, हवा तेवढा. हॉलभर लोकांच्या थर्मासांत तो कोणी परस्पर ओतून येत नाही.

दुसरे भोक मोठे आहे. कारल्याला कँटनी भाषेत 'फू क्वा' म्हणजे कडू फळ म्हणतात. पण 'फू' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ दुःख, कष्ट. म्हणून बाजारात आणि घरात ते 'लेऊंग क्वा', थंड फळ, म्हणतात. म्हणजे कडू हा शब्द तेही जिभेवर येऊ देत नाहीत. ह्यावर मी काय बोलणार? ज्यांच्या घरी बांगड्या फुटत नाहीत, 'वाढवतात', आणि घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात, त्यांनी ह्यावर बोलू नये. शब्दाला साखर लावणे ही माणसाची जुनी खोड आहे, आणि तीत कधीकधी माया असते. पण कारल्याला थंड म्हणणारी कँटनी बाई कारल्याची भाजी कडूच करते. नाव बदलले तरी कारले ताटात कारले म्हणूनच येते. आमच्याकडे नेमके उलटे : 'आज कडूचा दिवस' असे तोंडाने म्हणायचे आणि थर्मासात मध ओतायचा.

तिसरे उत्तर मुलांचे. "मुलांना कडू आवडतच नाही." अगदी खरे. कडूची ओळख पटवायला माणसाच्या जिभेवर पंचवीसएक प्रकारची ग्रहणकेंद्रे आहेत आणि गोडाचे काम एका जोडीवर भागते, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. विषे बहुधा कडू असतात; म्हणून निसर्गाने कडूच्या दारावर पहारेकरी जास्त ठेवले. तान्हे मूल गोड ओळखते ते कोणी न शिकवता. कडू मात्र शिकावे लागते, आणि शिकवण्यासाठी शेजारी कडू पिणारे मोठे माणूस लागते. एकेकाळी हाँगकाँगात ते शिकवण्याची सोय गल्लोगल्ली होती. १९५०-६० च्या सुमारास ह्या काढ्याच्या दुकानांत रेडिओ असे, पुढे नाणे टाकले की गाणे वाजवणारी पेटी आली, मग दूरदर्शन आले. घरात ह्यांतले काही नसलेली तरुण पोरे वाडगाभर कडू घेऊन तासन्‌तास तेथे काढत, प्रेमात पडत. आपल्या इराण्याच्या हॉटेलातही गाण्याची पेटी होती, पण तिच्याबरोबर ब्रून मस्का मिळे. त्या पोरांनी गाणे ऐकण्यासाठी कडू गिळले!

ही सगळी उत्तरे मी घरी येऊन मुलीला मोठ्या आवेशाने ऐकवली. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "आई, माझ्या किराईतात गूळ कोण घालायचं?"

मी घालत असे. ती पाच वर्षांची होती, ओठ घट्ट मिटून बसे, आणि माझी कचेरीची वेळ होत असे. म्हणून वाटीत गुळाचा खडा विरघळवायचा, नाक दाबायचे आणि ओतायचे. माझ्या आईने मला कधी तसे केले नव्हते. ती आधी स्वतः घोट घेई, तोंड वाकडे करी, आणि मग मला देई. दोघींची तोंडे वाकडी झाली की आम्ही हसत असू, आणि मगच गुळाचा खडा हातावर येई. मी मधला सगळा वेळ वाचवला. त्याचा परिणाम असा, की माझ्या मुलीला किराईत आवडत नाहीच. पण गूळही आवडत नाही. पुरणपोळी ती साखरेची करते. गुळाचा वास आला की तिला वाटी आठवते, नाकावरची माझी बोटे आठवतात. एका खड्याने मी तिच्या दोन चवी घालवल्या. कडू तर लपले नाहीच, वर गोड बदनाम झाले. थर्मासात मध ओतणाऱ्या त्या बाईंवर मी एवढी का भडकले ते मला तेव्हा कळले. तिच्या हातात मला माझाच चमचा दिसला होता. त्यानंतर मी बाईंना फोन करून माझ्या चढलेल्या आवाजाबद्दल क्षमा मागितली. साखरेबद्दलचे मत मात्र मागे घेतले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन म्हातारीला सगळी हकिकत सांगितली. नातीने मधाचा भाग भाषांतरून सांगितला तेव्हा म्हातारीने आधी किती चमचे ते विचारले. मी दोन्ही हातांनी ओतल्याची खूण केली. तिने डोळे मिटून घेतले, जसे काही कोणी वारल्याचे ऐकले. मग वाडगा पुढे केला. तो मी एका दमात संपवला. जाताना तिने निर्गुडीची एक जुडी आणि लाल चकत्यांच्या दोन सुरळ्या कागदात बांधून दिल्या. आमच्या वेंगुर्ल्याला निर्गुडीची जुडी नेणे म्हणजे समुद्राला मीठ देणे. पण तिला ते कसे सांगणार, आणि का सांगावे?

ह्या दिवाळीला मुलगी आणि जावई येणार आहेत. नातू आता चालायला लागला आहे, बोलायलाही. सातविणीची साल काढून देणारा गडी सांगून ठेवला आहे, आणि परसातल्या वेलाला कारिटे धरली आहेत. त्याच्या जिभेला बी लावायची ती आधी त्याच्यासमोर माझ्या जिभेला, मग त्याच्या आईच्या, मग त्याच्या. मुलगी फोनवर म्हणाली, "बघू या." चकत्यांची एक सुरळी मी अजून जपून ठेवली होती, ती काल उघडून पाहिली तर मुंग्यांनी संपवली होती. तेव्हा गुळाचा खडाच द्यावा लागेल, तळहातावर, मागाहून. साखरेचा आणि मधाचा डबा मी आत्ताच वरच्या फळीवर सरकवून ठेवला आहे, पाहुण्यांचा हात पोचणार नाही एवढ्या उंच.